वाचकांचे प्रश्न : जुना हॅम संच आणि स्विच दाबतानाचा लोंढा

मागच्या अंकात जुन्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, रिसीव्हरमधले मेणकागदी कपॅसिटर बदलण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एका वेगळ्याच गोष्टीविषयी आहेत : स्विच दाबल्यावर पहिल्या क्षणी संच जो जादा प्रवाह ओढतो, त्याला आवर कसा घालायचा? प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याविषयी अर्धवट सल्लेही पुष्कळ दिले जातात, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९५० च्या दशकातला एक ट्रान्समीटर आहे. एकदा चालू झाला की तासन्‌तास व्यवस्थित चालतो. पण पंधरा-वीस वेळांतून एखाद्या वेळी स्विच दाबताच फ्यूज जातो. कपॅसिटर तपासले, ट्रान्सफॉर्मरही तापत नाही. थोडा मोठा फ्यूज घातला तर चालेल का?

उत्तर : मोठा फ्यूज घालू नका. आपण सांगितलेले लक्षण बिघाडाचे नसून ट्रान्सफॉर्मरच्या स्वभावाचे असण्याची शक्यता अधिक आहे, आणि ‘कधी जातो, कधी जात नाही’ हीच त्याची खूण आहे.

ट्रान्सफॉर्मर चालू असताना त्याच्या गाभ्यातले चुंबकत्व मेन्सच्या दाबाच्या पाव आवर्तन मागे चालते. दाब शून्यातून वर चढत असतो तेव्हा चुंबकत्व उलट दिशेच्या टोकाला असते, आणि पुढच्या अर्ध्या आवर्तनात ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास करते. आता संच बंद आहे आणि आपला स्विच नेमका दाब शून्यावर असताना लागला, असे समजा. प्रवास तेवढाच करायचा आहे, पण सुरुवात मात्र टोकापासून न होता मधूनच होते. त्यामुळे चुंबकत्वाला नेहमीच्या कमाल पातळीच्या जवळजवळ दुप्पट वर जावे लागते. मागच्या वेळी संच बंद करताना गाभ्यात काही चुंबकत्व शिल्लक राहिले असेल आणि ते त्याच दिशेचे असेल, तर त्यात आणखी भर पडते. एवढे चुंबकत्व लोखंडाला पेलत नाही. गाभा संपृक्त होतो, प्रायमरी वेटोळे त्या क्षणापुरते नुसत्या तांब्याच्या तारेसारखे वागते आणि प्रवाह पूर्ण भाराच्या दहापट किंवा त्याहूनही वर उसळतो. त्या वेळी संचातून येणारा ‘धप्प’ असा आवाज आपण ऐकला असेलच. याउलट दाब शिखरावर असताना स्विच लागला, तर काहीच घडत नाही. ५० हर्ट्‌झच्या मेन्समध्ये अर्धे आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते, आणि बोटाने दाबलेला स्विच त्यातल्या कोणत्या मिलिसेकंदाला लागेल हे कोणाच्याच हातात नाही.

या लोंढ्याचे आयुष्य काही आवर्तनांपुरतेच असते. मात्र जुन्या संचात तो एकटा नसतो. त्याच्याबरोबर दुसरा लोंढा येतो तो रिकाम्या फिल्टर कपॅसिटरांचा, जे पहिल्या क्षणी जवळपास शॉर्टसारखे वागतात आणि भरायला आणखी काही आवर्तने घेतात. तिसरा येतो व्हॉल्व्हच्या (काचेच्या रेडिओ नळ्यांच्या) हीटरांचा. टंगस्टनचा रोध थंडपणी फार कमी असतो : ६व्ही६ या व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टला ०.४५ अँपिअर घेतो, म्हणजे तापल्यावर त्याचा रोध १४ ओहम असतो. तोच व्हॉल्व्ह थंड असताना मीटर लावला तर दोन-अडीच ओहम दिसतात. हा तिसरा लोंढा शिखराने लहान असतो, पण तो काही सेकंद टिकतो. हे तीन लोंढे आणि त्यांची तीन वेगवेगळी आयुष्ये लक्षात ठेवावीत, ही सर्व पत्रलेखकांना कळकळीची विनंती आहे, कारण खालच्या प्रत्येक उत्तरात निवड त्यावरूनच ठरणार आहे.

आपल्या ट्रान्समीटरपुरते बोलायचे तर आधी गेलेला फ्यूज भिंगाखाली पाहा. काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल, तर मोठा शॉर्ट झाला आहे आणि शोध पुढे चालू ठेवला पाहिजे. काच स्वच्छ असून तार मध्येच तुटलेली असेल, तर तो प्रत्येक लोंढ्याने थोडा थोडा थकत जाऊन अखेर तुटला, असे मानायला जागा आहे. निर्मात्याने स्लो-ब्लो, म्हणजे क्षणिक लोंढा सोसणारा, फ्यूज सांगितला होता का, हेही माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. अनेकदा मधल्या मालकाने हाताशी होता तो साधा फ्यूज घातलेला असतो. तो प्रश्न नसेल, तर पुढे लिनियर ॲम्प्लिफायरसाठी (ट्रान्समीटरची शक्ती वाढवणाऱ्या यंत्रासाठी) दिलेली रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचची, योजना आपल्याही संचाला लागू पडेल.

प्रश्न : माझ्याकडच्या १९४० च्या दशकातल्या कम्युनिकेशन्स रिसीव्हरचा पॉवर स्विच टोन कंट्रोलच्या मागेच जोडलेला आहे. तसा कंट्रोल आता मिळत नाही. स्विचच्या रक्षणासाठी एनटीसी थर्मिस्टर बसवावा असे वाटते, पण कोणता आणि कुठे? संचाचे मूळ रूपही बिघडवायचे नाही.

उत्तर : आपली काळजी अगदी रास्त आहे. व्हॉल्व्ह मिळतात, कपॅसिटर मिळतात, पण असा स्विच एकदा आतून जळाला की त्या रिसीव्हरचे मूळपण कायमचे जाते. थर्मिस्टर रिसीव्हरला उत्तम मानवतो, कारण रिसीव्हरचा भार चालू असेपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. थंड असताना थर्मिस्टरचा रोध मोठा असतो, प्रवाहाने तो स्वतः तापतो आणि तापला की रोध घटून थोडक्यावर येतो.

निवड करताना बहुतेक जण सर्वांत दणकट दिसणारी चकती उचलतात आणि तिथेच चूक होते. थर्मिस्टरवर दिलेला कमाल प्रवाह आपल्या संचाच्या प्रवाहाहून थोडा वर हवा, फार वर नको. सीएल-९० या प्रसिद्ध थर्मिस्टरचा रोध २५ अंश सेल्सिअसला १२० ओहम आणि कमाल प्रवाह २ अँपिअर आहे. पूर्ण प्रवाहावर त्याचा रोध सव्वा ओहमच्या आत येतो. ११७ व्होल्टवर चालणाऱ्या, पाऊण-एक अँपिअर घेणाऱ्या रिसीव्हरला तो शोभतो : दाबाचे शिखर १६५ व्होल्ट धरले, तर पहिल्या क्षणीचा प्रवाह दीड अँपिअरच्या आत राहतो. याच्या जागी सीएल-६० घेतला, जो थंड असताना १० ओहमचा आणि ५ अँपिअरचा आहे, तर तेच शिखर साडेसोळा अँपिअरपर्यंत जाऊ देतो. शिवाय एवढ्याशा प्रवाहाने तो नीट तापतही नाही, त्यामुळे आवर कमी आणि रोध मात्र रेंगाळलेला, अशी स्थिती होते. माहितीपत्रकात दिलेली कपॅसिटरची कमाल मर्यादाही बघावी. थर्मिस्टरने सुरुवातीला किती ऊर्जा गिळायची ते त्यावरून कळते.

जोडणी फेज तारेत, फ्यूजनंतर, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या आधी. आता जागेविषयी, आणि हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून लिहितो. माझ्या रिसीव्हरमध्ये मी थर्मिस्टर चासीखाली (संचाच्या धातूच्या सांगाड्याखाली) एका टॅगस्ट्रिपवर आखूड तारांनी बसवला होता आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर मेणाचा लेप असलेला एक मूळ कपॅसिटर होता. दोन महिन्यांनी तळाचे झाकण उघडले तेव्हा त्या कपॅसिटरचे मेण एका बाजूने ओघळून झाकणावर पिवळसर चकतीसारखे गोठलेले होते आणि शेजारच्या तारेचे कापडी वेष्टण तपकिरी पडले होते. काम करणारा थर्मिस्टर शंभर अंशांच्या बराच वर जातो आणि तो तापलेला राहणे हेच त्याचे काम आहे. म्हणून त्याच्या तारा लांब ठेवाव्यात, त्यांवर काचतंतूंची नळी चढवावी, आणि डाग देण्याआधी तार टॅगच्या भोकातून ओवून वाकवून घट्ट करावी, म्हणजे डाग उष्णतेने कमजोर झाला तरी जोड सुटणार नाही.

मूळ रूप जपायचे असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की थर्मिस्टर संचात बसवूच नये. पृथ्वीची जोडणी केलेली, हवेला भोके असलेली धातूची एक लहान पेटी घ्यावी, तीत फ्यूज, थर्मिस्टर आणि चांगला आधुनिक स्विच बसवावा, आणि रिसीव्हर त्या पेटीतून चालवावा. रिसीव्हरचा स्वतःचा स्विच कायम चालू ठेवावा. त्याच्या संपर्कांना मग ठिणगीच पाहावी लागत नाही, उष्णता चासीच्या बाहेर राहते, आणि मूळ वायरिंगला हातही लागत नाही.

एक गैरसमज येथेच दूर करतो. तापलेला थर्मिस्टर दोन-तीन व्होल्ट खातो, म्हणून ११७ व्होल्टचा संच १२५ व्होल्टवर चालवण्याचा तो उपाय आहे, असे काही जण मानतात. १२५ व्होल्टला ६.३ चा हीटर ६.७ च्या थोडा वर जातो, म्हणजे सामान्यतः मान्य असलेल्या दहा टक्क्यांच्या आत राहतो. पण दाब त्याहून अधिक असेल, तर उलट जोडणीचा लहान ट्रान्सफॉर्मर लावून तो कमी करावा. ते काम थर्मिस्टरचे नव्हे.

प्रश्न : ५यू४ या रेक्टिफायर (एसीचे डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड घातले आहेत. प्रायमरीत थर्मिस्टर असल्यामुळे फिल्टर कपॅसिटर आता सुरक्षित आहेत ना?

उत्तर : नाहीत. येथे लोंढ्यांची आयुष्ये पुन्हा आठवावी लागतात. थर्मिस्टरचे काम पहिल्या सेकंद-दोन सेकंदांत आटोपते. आपला प्रश्न त्यानंतरच्या दहा-वीस सेकंदांचा आहे. डायोड तत्काळ वीज देऊ लागतात, पण बाकीचे व्हॉल्व्ह अजून थंड असल्यामुळे ती घ्यायला कोणी नसते. ३५०-०-३५० व्होल्टच्या सेकंडरीवर कपॅसिटर तेवढ्या वेळात शिखरापर्यंत, म्हणजे ४९५ व्होल्टपर्यंत चढतो, आणि भार नसताना सेकंडरी स्वतःच थोडी वर असते ती वेगळी. कपॅसिटर ४५० व्होल्टचा असेल, तर तो रोज सकाळी हा मार खातो. ५यू४ स्वतः थेट तापणारा असल्यामुळे तोही इतरांच्या आधी जागा होतो, हे खरे. परंतु जुन्या आरेखकांनी ते गृहीत धरलेले असे, आणि शिवाय ५यू४ पूर्ण भारावर चाळीसएक व्होल्ट स्वतःवर घेतो, जे डायोड घेत नाहीत. त्यामुळे संच तापल्यानंतरही आपल्याकडचा दाब मूळ आराखड्याहून वरच राहतो.

शक्य असेल तर ५यू४ परत घाला, हा माझा पहिला सल्ला. त्याच पायांवर बसणारा ५एआर४, म्हणजेच जीझेड३४, हा पर्यायही चांगला आहे. त्याचा कॅथोड अप्रत्यक्ष तापतो, म्हणून तो सावकाश जागा होतो आणि दाब इतर व्हॉल्व्हच्या बरोबरीने चढतो. मात्र त्याच्यावरचा उतार ५यू४ पेक्षा कमी असल्यामुळे अंतिम दाब थोडा वाढेल, तो मोजून घ्यावा, आणि त्याच्यापुढचा पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडहून मोठा नसावा. डायोडच ठेवायचे असतील, तर बी-प्लसच्या, म्हणजे व्हॉल्व्हना उच्च दाब पुरवणाऱ्या, तारेत योग्य वॅटेजचा रोध आणि २०-३० सेकंदांचा विलंब-रिले, अशी दोन्ही तजवीज करा. काचेच्या नळीतले, उष्णतेवर चालणारे विलंब-रिले त्या काळातही वापरात होते, त्यामुळे असा रिले जुन्या चासीवर परका दिसत नाही.

प्रश्न : दोन ३-५००झेड व्हॉल्व्ह असलेला लिनियर ॲम्प्लिफायर आहे. चालू करताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात. मोठ्या क्षमतेचा थर्मिस्टर पुरेल की रिले आणि रोध लावावा?

उत्तर : रिले आणि रोधच लावावा. थर्मिस्टरला स्थिर भार हवा असतो, आणि लिनियरचा भार साइडबँडवर (आवाज पाठवण्याच्या एका पद्धतीत) बोलताना प्रत्येक शब्दागणिक बदलतो. आपण ऐकत असता तेव्हा थर्मिस्टर निवतो, त्याचा रोध वाढतो. बोलायला सुरुवात होताच नेमक्या त्या क्षणी दाब खाली बसतो. प्लेटचा दाब आपल्याला सर्वांत घट्ट जिथे हवा, तिथेच तो डळमळतो.

आपल्या प्रकारच्या यंत्रात सहसा २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर मालिकेत असतात, म्हणजे एकूण २५ मायक्रोफॅरड. ३,००० व्होल्टला त्यांत सुमारे ११२ जूल ऊर्जा साठते. स्विच दाबल्यावर ही सगळी ऊर्जा अंगणातून येणाऱ्या तारांनी आणि स्विचच्या इवल्याशा संपर्कांनी काही आवर्तनांत पुरवायची असते. त्यातच दोन फिलॅमेंटांचे ५ व्होल्टला २९ अँपिअर, तेही थंड अवस्थेतून. २३० व्होल्टच्या मेन्सवर प्रायमरीत ४७ ओहमचा, ५० वॅटचा वायरवाउंड रोध घातला, तर अगदी वाईट क्षणीही शिखर ३२५ भागिले ४७, म्हणजे ७ अँपिअरच्या आत राहते. एक-दोन सेकंदांनी रिले तो रोध ओलांडून टाकतो, म्हणजे प्रवाहाला त्याला वगळून थेट वाट देतो. ११७ व्होल्टवर २५ ओहम घेतले की जवळपास तोच आकडा येतो.

रिलेचे कॉइल कोठून चालवायचे, यावर या योजनेचे सगळे यश आहे. ते रोधाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर जोडावे. कपॅसिटर भरत आले की तिथला दाब चढतो आणि रिले आपणहून ओढला जातो. आत कुठे शॉर्ट असेल, तर दाब चढतच नाही आणि रिले लागत नाही. हळूहळू चढणाऱ्या दाबावर एसी कॉइल थरथरते आणि संपर्क जाळते, म्हणून डीसी कॉइलचा रिले, लहान रेक्टिफायर आणि कॉइलला समांतर एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अशी रचना करावी; विलंबही त्यातूनच मिळतो.

परंतु एवढ्यावर थांबून संच बंद करून झोपायला जाणाऱ्यांना मी पुढचे वाक्य पुन्हा वाचायला सांगेन. रिले लागला नाही, तर मेन्सचा फ्यूज जाईलच असे नाही. पूर्ण शॉर्टमध्ये ४७ ओहमांतून जेमतेम ५ अँपिअर वाहतात, जे १० किंवा १५ अँपिअरच्या फ्यूजला जाणवतही नाहीत, आणि त्याच वेळी त्या ५० वॅटच्या रोधात ११०० वॅटहून अधिक उष्णता निर्माण होत असते. रोध लाल होतो, मग त्याच्या शेजारचे काहीतरी पेटते. म्हणून रोधाच्या मालिकेत, रिले ज्याला ओलांडतो त्याच फांदीत, २ अँपिअरचा स्वतंत्र स्लो-ब्लो फ्यूज घालावा. चालू होतानाचा क्षणिक प्रवाह तो सोसतो, बिघाड सोसत नाही. त्याचबरोबर ट्रान्समिट करण्याची जोडणी याच रिलेच्या एका जादा संपर्कातून न्यावी, म्हणजे रोध मध्ये असताना कोणी चुकून ट्रान्समिटची कळ दाबली तरी ॲम्प्लिफायर भार घेणार नाही.

आणि हे सर्व करण्याआधी : प्लग काढा, ब्लीडर रोधांना कपॅसिटर रिकामे करायला काही मिनिटे द्या, आणि त्यानंतरही चासीला जोडलेल्या इन्सुलेटेड काठीने प्लेट कॅपला (व्हॉल्व्हच्या माथ्यावरच्या उच्च दाबाच्या टोकाला) स्पर्श केल्याशिवाय आत हात घालू नका. ब्लीडर तुटलेला असू शकतो, आणि ११२ जूल माणूस मारायला पुरतात.

प्रश्न : माझ्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या छोट्या रिसीव्हरमध्ये चालू करताच एक व्हॉल्व्ह पांढरा लखलखतो आणि मग शांत होतो. तो लवकर जाईल का?

उत्तर : अशा संचात सगळे हीटर एकामागोमाग एका साखळीत असतात, त्यामुळे जो हीटर लवकर तापतो त्याचा रोध आधी वाढतो आणि इतर थंड असेपर्यंत दाबाचा मोठा वाटा त्याच्याच पदरी पडतो. लखलखाट क्षणभरच असेल, तर घाबरू नये, पण रोजचा तो ताण आयुष्य कमी करतो हे खरे. यावर त्या काळीही उपाय होते : १९५० च्या दशकात अमेरिकन टीव्ही संचांसाठी सुमारे ११ सेकंदांत सारखे तापणारे व्हॉल्व्ह काढले गेले, आणि ब्रिटिश संचांत ०.३ अँपिअरच्या साखळीत ब्रिमिस्टर नावाचा थर्मिस्टर घालत. आपल्या साखळीचा प्रवाह, बहुधा ०.१५ अँपिअर, लक्षात घेऊन त्याला साजेसा थर्मिस्टर साखळीतच घालावा आणि तो तापल्यावर जेवढा रोध उरतो तेवढा ड्रॉपर रोधातून (साखळीतला जादा दाब खाणाऱ्या रोधातून) वजा करावा. या संचांची चासी मेन्सला थेट जोडलेली असू शकते. म्हणून संचाला मेन्सपासून वेगळे ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तिला हात लावू नये.

प्रश्न : दुरुस्तीच्या वेळी वापरतो तो सिरीज बल्बच (संचाच्या मालिकेत जोडलेला दिवा) कायमचा ठेवला तर?

उत्तर : ठेवू नये. बल्बचा स्वभाव थर्मिस्टरच्या नेमका उलटा आहे : थंड असताना त्याचा रोध कमी, म्हणून पहिला लोंढा तो बराचसा जाऊ देतो, आणि भार वाढला की रोध वाढवून संचाला उपाशी ठेवतो. अनेक वर्षे बंद असलेला संच प्रथम चालू करताना शॉर्ट उघड करायला तो अप्रतिम आहे, तेवढ्यापुरताच वापरावा.

प्रश्न : वीज गेली आणि लगेच आली, तर थर्मिस्टर पुन्हा काम करतो का?

उत्तर : तो निवेपर्यंत नाही. एक-दोन मिनिटे संच बंद ठेवा आणि मगच चालू करा. वीज परत येताच संच आपोआप सुरू होऊ नये, यासाठी बाहेरच्या पेटीत दाबून लागणारा आणि वीज जाताच सुटणारा रिले घालता आला, तर फारच चांगले.